नऊशे अठ्ठ्याऐंशी ओळी

घरातल्या कॉम्प्युटरला मी सात वर्षं इंटरनेट लागू दिलं नव्हतं. मोबाइलवर खुशाल काय ते बघा, गाणी ऐका, मुलीशी तासन्‌तास बोला, पण त्या कॉम्प्युटरच्या वाटेला जायचं नाही, असा दमच भरून ठेवला होता. त्या कॉम्प्युटरवर आमचं पोट होतं. भिंतीला पाडलेल्या भोकातून एक जाड केबल पलीकडच्या पडवीत जायची आणि पडवीत माझं कोरण्याचं यंत्र होतं. काळ्या दगडाची शिळा आडवी ठेवायची, फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा, की हिऱ्याची सुई टकटक करत एकेक आडवी ओळ ठोकत खाली सरकते. ठोका पडतो तिथे दगड पांढुरका होतो, पडत नाही तिथे काळाच राहतो. अशा सोळाशे ओळी झाल्या की मेलेला माणूस दगडातून तुमच्याकडे बघायला लागतो. आमच्या बालिक्ची गावच्या कबरस्तानातल्या निम्म्या लोकांना मी असं उभं केलं आहे. मुल्ला मला दर वर्षी सांगतात की माणसाचा चेहरा कोरणं पाप आहे, आणि स्वतःच्या थोरल्या भावाचा दगड त्यांनी माझ्याकडूनच करून नेला आहे.

यंत्राचा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टिमवर चालायचा. नवीन सिस्टिम टाकलीस तर यंत्राला तुझा कॉम्प्युटर ओळखणार नाही, हे विकणाऱ्यानेच मला बजावलं होतं. म्हणून ही सगळी शिस्त.

त्या गुरुवारी यंत्रावर मेदेरचा दगड होता. मेदेर म्हणजे सायराकान आपाचा, गावाच्या थोरल्या ताईचा, एकुलता एक मुलगा. रशियात बांधकामावर होता, तिथेच वरून पडला. गेल्या वर्षी तो घरी आला तो जस्ताच्या, झाळून बंद केलेल्या पेटीत. पेटी उघडू नये असा कागद सोबत होता, आणि पुरुषांनी ती उघडली नाही. आमच्यात बायका पुरायला जात नाहीत. म्हणजे आपाने चार वर्षांपूर्वी बसला हात हलवून निरोप दिला तो शेवटचा. त्यावर गावाची तोंडं सुरू झाली. पेटीत कोण होतं कोणास ठाऊक, तिकडे पेट्यांची अदलाबदल होते म्हणे, मेदेर तिकडे संसार थाटून बसला असेल. हे सगळं आपाच्या कानावर जायचं. आता शनिवारी त्याचं वर्षाचं जेवण होतं, आमच्याकडे त्याला आश म्हणतात. कापायचा घोडा घेऊन झाला होता, दोनशे माणसांना सांगून झालं होतं. आपा माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली होती, "दोरोनबेक, त्या दिवशी कोणाला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. शनिवारी सगळ्यांना दिसू दे." शुक्रवारी दुपारपर्यंत दगड तिच्या ताब्यात द्यायचा होता, म्हणजे सिमेंट सुकायला रात्र मिळाली असती.

गुरुवारी सकाळी आठला मी सुई सुरू केली. सात तासांचं काम. एकदा सुरू झालं की माझं तिथे काही नसतं, म्हणून मी कबरस्तानात चौथऱ्याची मापं घ्यायला गेलो.

मी गेलो आणि नऊ वाजता तोकमोकहून आमचे व्याही येऊन थडकले. व्याह्यांना आमच्याकडे कुदा म्हणतात. कुदा घरी आला की तो मागेल ते द्यायचं, तो बसेल तिथे उशी सरकवायची आणि तो जे करेल त्याला छान म्हणायचं. आमचा कुदा असनकादिर हा माणूस मुळात वाईट नाही. फक्त त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. आमच्या नातवाचा पहिल्या पावलांचा समारंभ झाला होता. पोराच्या पायात दोरी बांधून ती कापायची आणि त्याला चालायला सोडायचं, त्याचा व्हिडिओ तो दाखवायला घेऊन आला होता. मोबाइलच्या एवढ्याशा काचेत माझ्या बायकोला, बुबुइराला, नातू धड दिसेना. मग कुदा म्हणाला, हा मोठा पडदा कशाला ठेवलाय? बुबुइरा म्हणाली, त्याला हात लावायचा नाही असं हे म्हणतात. कुदा म्हणाला, अहो, ते आणि मी एकच की! आता कुदाला नाही कसं म्हणायचं? तिने म्हटलं नाही. त्याने मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला जोडलं.

मी साडेबाराला परतलो. फाटकाशीच मला कळलं. टकटक नव्हती.

पडवीत सुई दगडावर अधांतरी थांबलेली. दगडावर मेदेरचे केस होते, कपाळ होतं, भुवया, दोन्ही डोळे, नाक. नाकाखाली काही नव्हतं. वरच्या ओठाच्या जरा वर, ओळीच्या मधोमध, सगळं थांबलं होतं. आत गेलो तर कुदा कॉम्प्युटरसमोर माझ्या खुर्चीत, मांडीवर चहाची वाटी.

"या या कुदा! बघा, तुमच्या म्हाताऱ्याला नवीन कपडे चढवतोय. किती जुनी सिस्टिम ठेवली होती हो? समोर विचारत होता बिचारा, नवीन टाकू का, नवीन टाकू का. म्हटलं टाक! माझ्याकडून आहेर समजा."

पडद्यावर लिहिलं होतं: अठ्ठावीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका.

दुसरा कोणी असता तर मी त्याला खुर्चीसकट बाहेर काढला असता. पण मुलगी त्याच्या घरात होती. व्याह्यावर आवाज चढवला तर त्याची धग आधी तिला लागणार. बुबुइरा दारात उभी राहून डोळ्यांनी मला गप्प करत होती. मी दातओठ खात म्हटलं, "फार छान केलंत."

"मग! दोन तास लागले उतरवायला, माझं अख्ख्या महिन्याचं इंटरनेट गेलं. पण घरातल्या माणसासाठी काय."

बंद करावं तर अर्ध्यातला कॉम्प्युटर कायमचा मरेल ही भीती. म्हणून मी उभ्यानेच टक्के बघत राहिलो. एकोणतीस. बराच वेळ एकोणतीस. मग एकदम चाळीस. दीड वाजता नवीन सिस्टिम झळझळीत रंग घेऊन उघडली आणि मला नमस्कार म्हणाली. मी प्रोग्रामवर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कॉम्प्युटरने शांतपणे कळवलं की हे असलं यंत्र त्याच्या ओळखीचं नाही.

तेव्हा कुदाचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "यंत्र? कसलं यंत्र? ती टकटक यातून चालत होती?"

"हो. यातूनच."

"अहो, मला वाटलं शेजाऱ्याकडे कोणी छप्पर ठोकतंय."

त्यालाच कुठेतरी सापडलं की मागच्या सिस्टिमवर परत जाता येतं. आम्ही ते दाबलं आणि तिघंही पडद्यासमोर बसलो. वीस टक्के, पस्तीस, पन्नास. मला जरा श्वास आला. आणि मग बालिक्चीचा वारा. आमच्या गावाला वाऱ्याचं कौतुक नाही, तो रोजचाच आहे. तारा एकमेकींवर आपटल्या, दिवा एकदा गेला, पुन्हा लागला. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला तर ना नवीन सिस्टिम, ना जुनी. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

जुन्या सिस्टिमची डिस्क माझ्याकडे होती, यंत्रासोबतच आलेली. ती घातली. चौतीस टक्क्यांवर अडकली, एक फाइल वाचता येत नाही म्हणाली. काढून बाहीला पुसली, पुन्हा घातली. चौतीस. बुबुइराने व्होडकाने पुसून दिली. चौतीस. उजेडात धरून बघितली तर आरपार एक ओरखडा होता, सात वर्षं ड्रॉवरमध्ये स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी पडल्याची कमाई. चार वाजले, पाच वाजले. गावात डिस्क नव्हती. बाजारातला कॉपी काढणारा म्हणाला, बाबा, एवढी जुनी सिस्टिम आता कोण ठेवतं?

कुदा माझ्या मागे येरझारा घालत होता. त्याला माझी समजूत काढायची होती एवढंच. तो म्हणाला, "एवढा जीव कशाला टांगणीला लावता? बाजारात पत्र्यावर छापलेले फोटो मिळतात. एक पत्रा आणा, त्या अर्ध्या तोंडावर स्क्रूने बसवा. दोन वर्षं आरामात टिकतो."

"तुमच्या पोराच्या कबरीवर बसवा तो पत्रा!"

हे मी म्हणालो. ओरडूनच म्हणालो. आणि शब्द तोंडातून सुटल्यावर मला कळलं की त्याचा पोरगा म्हणजे माझा जावई, माझ्या मुलीचा नवरा, माझ्या नातवाचा बाप. बुबुइराच्या हातातली किटली टेबलावर आपटली. कुदाने टोपी उचलली, नीट डोक्यावर बसवली, दारात जाऊन बूट घातले. बुबुइरा त्याच्या मागे धावली, अहो कुदा, अहो कुदा करत. गाडीचं दार लागलं, गाडी गेली.

ती परत आली ती माझ्याकडे न बघता. "आपाला फोन करा," एवढंच म्हणाली.

मी फोन केला. सांगितलं, यंत्र बंद पडलंय, चेहरा अर्धा आहे, सकाळपर्यंत प्रयत्न करतो, शब्द देत नाही. मग आपा म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी सहाला फाटकापाशी हॉर्न वाजला. कुदाची गाडी. तो आत आला, टोपीही काढली नाही, टेबलावर एक डिस्क ठेवली. कागदाच्या पाकिटात, स्वच्छ, आरशासारखी.

"कोचकोरहून आणली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "झापारकडून."

झापार म्हणजे कोचकोरचा कोरणारा. त्याच्याकडे माझ्यासारखंच यंत्र आहे आणि सहा वर्षं आमचं बोलणं नाही. त्याचं नावही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आलं होतं, मी येऊ दिलं नव्हतं.

"दिली त्याने?"

"विचारत होता कोणासाठी. म्हटलं, बालिक्चीत एक तिरसट माणूस आहे. म्हणाला, मग ओळखलं, घेऊन जा."

"कुदा, काल माझ्या तोंडून..."

"आधी दगड," तो म्हणाला.

डिस्क घातली. निळा पडदा आला आणि लगेच पहिला प्रश्न आला: कुठे टाकू? कॉम्प्युटरच्या पोटात दोन भाग होते. एकात सिस्टिम असायची, दुसऱ्यात माझे चेहरे. ज्या भागावर बोट ठेवीन तो पुसला जाणार होता. दोन्ही सारख्याच मापाचे. कालच्या गोंधळात त्यांची नावं गेली होती, समोर नुसते आकडे होते. पहिल्यात नऊ जीबी मोकळे, दुसऱ्यात अकरा. मेदेरचा मूळ फोटो माझ्याकडे होता, पण त्यातून कोरण्याजोगा चेहरा तयार करायला मी दोन दिवस घातले होते. उजेड कुठे चढवायचा, सावली कुठे मारायची, ठिपका ठिपका हाताने बसवलेला. तो पुन्हा तसाच जमणार नाही. वर एक मेदेर आणि नाकाखाली दुसराच कोणीतरी, असा दगड झाला असता. ज्या गावात आधीच पेटीत दुसरा कोणी होता म्हणतात तिथे.

"नेहमी कुठे असायची सिस्टिम?" बुबुइराने विचारलं.

"पहिल्यात."

"मग?"

"पण पहिल्यात एवढं सामान कधीच नसायचं. चेहऱ्यांनी भरलेला असायचा तो दुसरा."

"नवीन सिस्टिम आली ना काल," कुदा हळूच म्हणाला. "ती खादाड असते. आणि परत जायला निघालो तेव्हा दोन्ही तिथेच बसल्या असतील."

त्या माणसाचं ऐकायचं, आणि तेही कॉम्प्युटरच्या बाबतीत! पण म्हणत होता ते पटण्यासारखं होतं. मी पहिल्यावर बोट ठेवलं. खात्री आहे का, असं पडद्याने विचारलं. नव्हती. हो म्हटलं.

टक्के चढायला लागले. तीस, एकतीस. तिघांपैकी कोणी चहाला हात लावला नाही. तेहेतीस. चौतीस. चौतीस थांबलं. बुबुइराने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं दिसत होतं. पस्तीस.

आठ वाजून गेले तेव्हा जुनी सिस्टिम बसली, यंत्राची ओळख पटली, प्रोग्राम उघडला. दुसऱ्या भागात माझे चेहरे जसेच्या तसे होते. मेदेर पडद्यावर आला, पूर्ण, ओठ मिटलेले, जरा हसू दाबल्यासारखे. मी खुर्चीत मागे टेकलो. कुदा म्हणाला, "चला, सुटलो." पण सुटलो नव्हतो, आणि आता ते मला एकट्यालाच माहीत होतं.

कोणत्या ओळीपाशी थांबलो हे प्रोग्राम विसरला होता. सोळाशे ओळींतली कितवी? मिलिमीटरमध्ये चार ओळी बसतात. एक ओळ चुकली तर ओठावर केसासारखी काळी रेघ येणार, किंवा दोन ओळी एकावर एक बसून पांढरी. बरोबर त्याच खड्ड्यात दुसरा ठोका पडला तर कोणाला कळत नाही, खड्ड्याच्या बाजूला पडला तर आंधळ्यालाही कळतं. आणि काळा दगड पुन्हा काळा होत नाही.

पडद्यावर मोजून मी एक खूण काढली: कपाळाच्या अगदी वरच्या कडेला, केस संपतात तिथला पहिला पांढरा ठिपका दोनशे बाराव्या ओळीत होता. तिथून खाली, थांबलेल्या ओळीपर्यंत, दगडावर मोजायचं. मी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि मोजलं. नऊशे सत्त्याऐंशी आलं. पुन्हा मोजलं. नऊशे एकोणनव्वद. तिसऱ्यांदा भुवईतच हरवलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साडेनऊ वाजले होते.

तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. पुतण्याचा ट्रक घेऊन आपा दगड न्यायला आली होती.

अर्धा चेहरा मी कधीच घरच्यांना दाखवत नाही. चादर टाकायला धावलो, पण ती पडवीत पोचली होती. शिळेजवळ उभी राहून ती खाली बघत होती. डोळे, नाक, आणि खाली काळं.

"आपा, आत बसा. मी सांगतो."

"इथेच सांग."

मी सांगितलं. सगळं, ओळींचं, एका ओळीच्या चुकीचं, माझ्या दोन आकड्यांचं. कुदाचं नाव घेतलं नाही, तर तो स्वतःच पुढे येऊन म्हणाला, "माझ्यामुळे झालं, आपा." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने माझ्याकडे हात पसरला. "ते भिंग दे."

सायराकान आपा जन्मभर पट्टे विणत आली आहे. तंबूला आवळायचे ते लोकरीचे रुंद पट्टे, शेकडो धागे शेजारी शेजारी, एक चुकला तर नक्षी फुटते. तिने ओढणीत खोचलेली सुई काढली, स्टूल ओढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि सुईचं टोक दगडाला न टेकवता कपाळाच्या कडेवर धरलं. "दर शंभराला मी सांगेन. कोणीतरी काडी ठेवा." बुबुइरा काड्यापेटी घेऊन खाली बसली.

ती मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सुई कपाळावरून केसाएवढी केसाएवढी खाली येत होती. "शंभर," ती म्हणायची, आणि बुबुइरा एक काडी ठेवायची. भुवई आली. भुवईचे केस उलटसुलट, मी तिथेच हरवलो होतो. ती हरवली नाही. डाव्या पापणीशी मात्र सुई थांबली. बराच वेळ थांबली. मी माझ्या चपलांकडे बघत होतो, त्याहून दुसरीकडे बघण्याची माझी हिंमत नव्हती. मग "तीनशे" ऐकू आलं. मग नाकाच्या दांड्यावरून चारशे, पाचशे. पाऊण तास लागला.

"सात काड्या आणि वर सत्त्याहत्तर. शेवटची अर्धीच आहे."

मी पेन्सिलने बेरीज केली. दोनशे बारापासून धरून सातशे सत्त्याहत्तर. "नऊशे अठ्ठ्याऐंशी." माझ्या दोन्ही आकड्यांच्या बरोबर मध्ये.

"पुन्हा मोजू?"

"आपा, डोळे..."

तिने पुन्हा मोजलं. तोच आकडा आला.

मी सुई त्या ओळीच्या सुरुवातीला नेली, आत येऊन प्रोग्राममध्ये आकडा घातला आणि बोट बटनावर ठेवलं. दाबवेना. सात वर्षांत किती दगड केले असतील, पण तेव्हा माझं बोट माझं ऐकत नव्हतं. खिडकीतून आपा दिसत होती, दगडाशेजारी स्टुलावर ताठ बसलेली. ती म्हणाली, "काल तुझा फोन आला ना, अर्धा राहिलाय म्हणून. मला बरं वाटलं, दोरोनबेक. म्हटलं, मग शनिवारी काही होत नाही. देवाने मला क्षमा करावी, दोनशे माणसांना सांगून ठेवलंय आणि मला बरं वाटलं."

तिने स्वतःची सुई परत ओढणीत खोचली.

"दाब," ती म्हणाली.

मी दाबलं. टक. टकटकटक. पहिल्या अर्ध्या ओळीवर आवाज जरा बोथट होता, जुन्या खड्ड्यांत ठोके पडत होते म्हणून. मधोमध आल्यावर तो एकदम खणखणीत झाला. मी धावत पडवीत गेलो, भिंग लावलं. सांधा दिसत नव्हता. दोन ओळी, पाच ओळी झाल्या. सांधा दिसत नव्हता! मी कुदाला मिठी मारली, आणि मग लक्षात आलं की मी कोणाला मिठी मारतोय. त्याने पाठीवर दोन थापा मारल्या, जोरातच मारल्या. नंतरचे अडीच तास तो विजेच्या बोर्डाजवळ बसून राहिला, कोणी चुकून प्लग काढू नये म्हणून. बुबुइराने चहाचं विचारलं तर म्हणाला, "माझ्या जवळ काही आणू नका. सांडेल."

आपा स्टुलावरून हलली नाही. वरचा ओठ आला, खालचा आला. त्या ओठांमधलं दाबलेलं हसू आलं तेव्हा तिने तोंडावर हात धरला आणि पुन्हा खाली घेतला. हनुवटी आली, हनुवटीखालची सावली, गळा, स्वेटरची कॉलर. तिथून चित्र हळूहळू काळ्यात विरत जातं, ठोके कमी होत जातात. शेवटच्या ओळींत चार, मग दोन, मग एक. सुई वर उचलली गेली, यंत्राचा हात आपोआप कोपऱ्यात जाऊन थांबला. पावणेदोन होत आले होते.

दगडातून मेदेर आमच्याकडे बघत होता. तोच होता. कोणालाही शंका राहणार नाही असा तोच.

"झालं, आपा," मी म्हणालो.

ती उठली नाही. "अजून थोडं असेल."

"नाही आपा. सोळाशे झाल्या."

"नीट बघितलंस का? खाली जरा राहिलं असेल. बघ ना एकदा."

बाहेर पुतण्याने हॉर्न वाजवला. सिमेंट कालवून माणसं कबरस्तानात थांबली होती. मी तोंड उघडलं होतं, दगड उचलायचा म्हणून सांगायला. मग आत गेलो. ठोक्याची वायर काढली, सुई बोटभर वर घेतली आणि शेवटच्या शंभर ओळी पुन्हा लावल्या. यंत्राचा हात दगडाला न शिवता इकडून तिकडे जायला लागला, आवाज न करता. आपाने स्टूल जरा पुढे ओढलं.